सहा दोर

शेफील्ड,
९ मार्च

ती. ऑड्रीआत्यास,
पिपचा सा. न. वि. वि.

हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट बघून तू आधी ते उलटून बघशील, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. जायचा तो क्लिफर्ड गेल्या महिन्यात गेला, आणि त्याला पोचवायला मी आले होते. चर्चच्या घंटांच्या लोलकांना एका बाजूने चामडं बांधून आपण वाजवलं. एक ठोका मोकळा, एक दबका. मनोऱ्याचा जिना उतरताना तू माझ्यापुढे होतीस. तेव्हाच सांगायचं होतं. जमलं नाही, म्हणून लिहिते.

ऑक्टोबरात आपला सहा घंटांचा तीन तासांचा अखंड फेरा माझ्यामुळे मोडला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन तास एकेचाळीस मिनिटं झाली होती. दहाएक मिनिटं उरली होती. मी सांगितलं की घामाने दोर हातातून निसटला. ते खोटं होतं. दोर हातात होता. माझ्या मागच्या खिशात फोन थरथरला. मी तो काढला नाही. कोणाचा असेल, एवढंच मनात आलं. ते येऊन गेलं तोवर क्रमातली माझी जागा गेली होती. मी मोइराच्या दोराकडे बघितलं, मग तुझ्याकडे. तू मला दोनदा जागा सांगितलीस, ती ऐकू आली पण कळली नाही. मग तू थांबा म्हणालीस आणि सहाही घंटा थांबल्या.

खाली आल्यावर फोन बघितला. चपलांच्या दुकानाची जाहिरात होती.

क्लिफर्ड चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. त्या दिवशी पहिला दोर ओढायला अडतीस पायऱ्या चढून आला होता. फेरा पुरा झाला की भिंतीवर नावांची पाटी लागते; तशा शेवटच्या पाटीवर त्याचं नाव आहे, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्यानंतर चौसष्ट वर्षांत आपल्या गावच्या माणसांनी आपल्या घंटांवर तो फेरा पुरा केलेला नाही. त्याला दुसरी पाटी बघायची होती.

हे एका दिवसापुरतं असतं तर मी कदाचित गिळूनही टाकलं असतं. पण तसं नाही. माझं काम तुला माहीत आहे, औषधांच्या खोक्यात घडी करून घालतात ती पत्रकं तपासायची. एका पत्रकाला पूर्वी मला एक सकाळ लागायची. आता दोन दिवस लागतात. ओळ वाचते, हात फोनकडे जातो, परत तीच ओळ वाचते. पुस्तक शेवटचं कधी पुरं केलं ते आठवत नाही. मी बावळट झाले आहे असं नाही. मी कुठेच पुरती नसते.

काल फोन घरमालकीण हेपवर्थबाईंच्या पावाच्या डब्यात ठेवला. दिवसातून एकदा, संध्याकाळी सात ते आठ, त्या तो मला देणार आहेत. ऑफिससाठी साधा बटणांचा घेतला आहे, त्यावर नुसतं बोलता येतं.

माझा दोर दुसऱ्या कोणाला द्यायचा असला तर दे. मी तक्रार करणार नाही. पण मला परत धरायचा आहे.

रागावून झालं की उरेल तेवढा लोभ माझा समजावा.

तुझी,
पिप

◆

वेलबी मार्श,
१६ मार्च

चि. पिप हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. उलटून बघितलं, हे खरं.

घामाने दोर निसटला म्हणे. ऑक्टोबरात. त्या खोलीत त्या दिवशी तोंडातून वाफ निघत होती गं. खोटं बोलायचं तर निदान हवामान बघून बोलावं.

तेव्हा तू मला काही नवीन सांगितलेलं नाहीस. क्लिफर्डलाही ठाऊक होतं. उतरताना तो माझा खांदा धरून उतरत होता. म्हणाला, ऑड्री, त्या पोरीचा हात नाही निसटला, नजर निसटली. मी म्हटलं, उद्याच झापते तिला. तो म्हणाला, झापू नकोस, तिची ती सांगेल. मी म्हटलं, ऐकायला तू असशील का तोवर? तर म्हणतो, माझ्यासाठी तिला कशाला घाई करतेस.

मी त्याच्याइतकी भली नाही. हिवाळाभर रागावलेली होते. नाताळात तुला नुसतं कार्ड आलं आणि पुडिंग आलं नाही, ते टपालखात्याने खाल्लं असं तुला वाटलं असेल तर तो समज सोड.

आता झालं. तू लिहिलंस, मी वाचलं.

पुढचं नीट वाच. माझ्या उजव्या खांद्यावर तीन नोव्हेंबरला शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यानंतर वर्षभर दोर नाही, आणि वर्षानंतरचं त्या बोलत नाहीत. म्हणजे माझ्या हातून एकच प्रयत्न व्हायचा राहिला आहे. शनिवार, अकरा ऑक्टोबर, दुपारी दोन. क्लिफर्डच्या जागी पहिल्या दोरावर टपालवाली लोर्ना येईल. तिसऱ्यावर मोइरा, चौथ्यावर तिचा बर्नार्ड. ती दोघं सध्या कुंपणाच्या झुडपावरून एकमेकांशी बोलत नाहीत, पण वाजवताना कधी बोलायचं असतं? थोरल्या घंटेवर डेस्मंड. पाचवी माझी, आणि क्रम कुठे वळवायचा ते ओरडून सांगायचा पुकाराही माझा.

दुसरा दोर रिकामा आहे. ऑगस्टअखेर तू माझ्यासमोर पाऊण तास न चुकता वाजवलंस तर तो तुझा. नाहीतर शेजारच्या गावातून कोणाला तरी बोलवीन, आणि मग तो फेरा गावचा राहणार नाही.

फोन डब्यात ठेवलास हे ठीक. पण डबा काही घंटा वाजवत नाही.

पुडिंगाचं पुढच्या नाताळात बघू. तोवर कोरडाच लोभ पाठवते.

तुझी आत्या,
ऑड्री

◆

शेफील्ड,
४ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते लाजेचं होतं. आता तेच सांगते.

पहिला आठवडा बरा गेला. नवेपणा होता. दुसऱ्या आठवड्यात कळलं की मला ट्रामची वाट बघता येत नाही. पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. हातांचं काय करायचं ते कळेना. सगळे खाली मान घालून उभे आणि मी एकटी मान वर करून. एका बाईंनी विचारलं, काही हरवलंय का?

ईस्टरच्या रविवारी हेपवर्थबाई प्रार्थनेला गेल्या. मी खाली गेले, डबा उघडला, फोन घेतला. कोणाला तरी एक निरोप द्यायचा होता. खरंच द्यायचा होता. त्या परत आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले होते. दोन तास झाले होते. तो निरोप मी दिलाच नव्हता. त्यांनी कोट उतरवला, माझ्या हातातून फोन घेतला, डबा सर्वांत वरच्या फळीवर चढवला; त्या उंच आहेत, मी नाही. मग तिथलं स्टूल उचललं, दोन जिने चढून माझ्या खोलीत नेऊन ठेवलं. म्हणाल्या, चोरी करायची तर बाई खुशाल कर, पण स्टूल घेऊन ये. तेवढ्यात लाज वाटायला वेळ मिळेल.

त्यानंतर स्टूल खोलीतच आहे. त्यावर पुस्तकं ठेवते.

गेल्या गुरुवारी माझा साहेब चुकून डब्यातल्या फोनवर फोन करत होता. हेपवर्थबाईंनी तो काढून उचलला. अर्धा तास त्यांचं गुडघ्यांवर बोलणं झालं. साहेब मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, कामाचं तुझ्याशी बोलेन, पण त्यांना सांग की ते मलम मिळालं.

एकदा जेवताना त्या म्हणाल्या, ते तुमचं वाजवणं म्हणजे काय, कोणतं गाणं असतं? मी म्हटलं, गाणं नसतं. सहा घंटा, सहा माणसं, प्रत्येकाला एक दोर. प्रत्येक खेपेला सहाही घंटा एकदा वाजतात, पण पुढच्या खेपेला क्रम बदललेला असतो. सहा घंटांचे सातशेवीस क्रम होतात. ते सगळे वाजवायचे, प्रत्येक एकदाच. मग परत पहिल्यापासून, असं सात वेळा. मध्ये थांबायचं नाही, समोर कागद नाही, कोणी बोलायचं नाही, पुकारा करणारा सोडून. तीन तास. त्या बटाटा सोलत होत्या. म्हणाल्या, आणि शेवटी काय मिळतं? मी म्हटलं, सुरुवातीला होता तोच क्रम परत येतो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. त्यांनी सुरी खाली ठेवली. म्हणाल्या, हे फार आवडलं मला.

तर आता सराव असा. घरापासून ऑफिसपर्यंत चालत जाते आणि दुसऱ्या घंटेची वाट मनात चालते. एका पावलाला एक ठोका. मार्चमध्ये अकराव्या क्रमाला हरवायचे. हरवले की घराच्या दाराशी परत जायचं, असा नियम केला. पहिल्या दिवशी नऊ वेळा परत गेले. शेजारचा म्हातारा खिडकीतून मोजत होता. परवा पहिल्यांदा सातशेवीसही क्रम पुरे झाले. तेव्हा मी ऑफिस ओलांडून पुढे गेले होते.

एकच विचारायचं आहे. मध्ये विचार येतो तेव्हा तू काय करतेस? मी त्याला हाकलते, आणि हाकलण्यातच जागा जाते.

उत्तराची वाट बघत आहे, मान वर करून. लोभ चालू असावा.

तुझी,
पिप

◆

वेलबी मार्श,
१२ मे

चि. पिप हिस,
अनेक आशीर्वाद.

हेपवर्थबाईंना माझा नमस्कार सांग. त्या घंटा वाजवत असत्या तर मी निवृत्त झाले असते.

नऊ वेळा परत गेलीस. मी तुझ्या वयाची असताना तिसऱ्या वेळेला दार लावून घेतलं असतं. हे एकदाच लिहिते आहे, पत्र जपून ठेव.

विचाराचं म्हणशील, तर हाकलू नकोस. तो येणार. माझ्या मनात वाजवता वाजवता निम्मा बाजार करून होतो. कांदे, दिवाबत्ती, डेस्मंडच्या शर्टाचं तुटलेलं बटण. येऊ दे. नजर मात्र दोरांवर ठेव. आता कोणता दोर खाली येतो आहे आणि त्याच्यामागून मला ओढायचं आहे, एवढंच. विचार पाहुणा असतो. त्याला बसायला खुर्ची देऊ नये.

आणि दुसरं. चुकलीस तर चुकीबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. निदान तेव्हा नको. वाईट वाटेपर्यंत चार क्रम निघून जातात. ऑक्टोबरात तू एका ठोक्याला चुकलीस, ते सावरता आलं असतं. पुढचे तीस ठोके तू लाजत होतीस, ते सावरता आलं नाही.

जूनपासून बुधवारी ये. शेवटची गाडी तुला सापडेल अशा बेताने सोडते. मोइरा-बर्नार्डचं अजून तसंच. काल चर्चच्या दारात दोघं समोरासमोर आली आणि कोणी आधी जायचं यावरून दोघंही बाहेरच राहिली. अडतीस वर्षांच्या संसारात एकाने दुसऱ्याला वाट दिलेली मी पाहिलेली नाही.

बुधवारी येताना लोभ आण, बाकी खिसे रिकामे.

तुझी आत्या,
ऑड्री

◆

वेलबी मार्श,
१ सप्टेंबर

चि. पिप हिस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारचं तोंडावर बोलले नाही. लोर्नासमोर कौतुक केलं की तिला पण लागतं.

सत्तेचाळीस मिनिटं वाजवलंस. मी तुझ्याकडे मुद्दाम बघत होते. बाराव्या मिनिटाला डेस्मंडला ठसका लागला. तू बघितलं नाहीस. विसाव्या मिनिटाला खाली कोणाचा तरी फोन चर्चभर वाजला. मला वाटलं, गेली. तुझ्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही, पण दोर आला तिथे हात होता. तेहेतिसाव्या मिनिटाला लोर्ना चुकली आणि मी तोंड उघडायच्या आत तू मानेने तिला तिची जागा दाखवलीस. मानेने! जी पोर मार्चमध्ये ट्रामची वाट बघू शकत नव्हती तिने.

असं वाजवणारी माणसं मी दोन-तीनच पाहिली. त्यांतला एक त्या पहिल्या दोरावर असायचा. जन्मजात तसेच होते ते, असं मी समजत होते. आता समजत नाही.

दुसरा दोर तुझा. अकरा ऑक्टोबर, दुपारी दोन.

तुझा बाप विचारत होता की पोरगी फोन का उचलत नाही. मी म्हटलं, पत्र लिही. तो म्हणाला, काय लिहू? बघ, रोग घरात आहे.

लोभ यापुढे फुकट मिळेल.

तुझी आत्या,
ऑड्री

◆

वेलबी मार्श,
१२ ऑक्टोबर

चि. पिप हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू गाडीसाठी पळालीस आणि नीट बोलणं झालं नाही. केकचा तुकडाही तसाच सोडलास. तो मी खाल्ला.

आज सकाळी उठले तर खांदा वर जाईना. चहाचा कप डाव्या हाताने घेतला आणि त्या कपाशी हसत बसले. एकाहत्तर वर्षांची बाई. दोन तास त्रेपन्न मिनिटं, पिप. आपल्या घंटा, आपली माणसं. शेवटचा क्रम आला, एक ते सहा, आणि मला मुळी खरंच वाटेना. डेस्मंड रडला ते तू पाहिलंस. घरी गेल्यावर परत रडला, असं त्याची बायको सांगते.

सुताराकडे गेले होते. ओकची फळी त्याने रंधून ठेवली आहे. सहा नावं दोराच्या क्रमाने, पुकारा करणारीच्या नावापुढे खूण, आणि वर एक ओळ, क्लिफर्डच्या स्मरणार्थ. उत्तरेकडच्या भिंतीवर, डेस्मंडच्या डोक्यावर, क्लिफर्डच्या जुन्या पाटीसमोर. अक्षरं नाताळपर्यंत होतील. वाजवणाऱ्यांच्या साप्ताहिकाला उद्या कळवते.

पुडिंग आजच भिजत घातलं आहे. यंदा दोन.

आज लोभाचं माप बघू नकोस, सांडेल तेवढा घे.

तुझी आत्या,
ऑड्री

◆

शेफील्ड,
१४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र रविवारपासून लिहिते आहे. आज तुझं आलं आणि लिहिलेलं फाडलं. आता एका बैठकीत लिहिते.

शनिवारी सहाव्या सातशेविसात, तुझ्या दुसऱ्या पुकाऱ्यानंतर लगेच, मोइरा आणि बर्नार्ड दोघंही अडखळली. एक ठोका इकडे-तिकडे झाला. मग सगळं सरळ झालं, निदान कानाला. पण मी मोइरामागून ओढायला गेले तर तिथे बर्नार्डचा दोर होता. आणि बर्नार्ड हवा तिथे मोइरा. मला वाटलं, मीच चुकले. पुढच्या वेळेची वाट बघितली. परत तसंच. सहा वेळा तसंच. ती दोघं एकमेकांच्या जागी वाजत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. पुढच्या पुकाऱ्याला परत अडखळली आणि आपापल्या जागी गेली. मध्ये साठ क्रम झाले होते. दोन मिनिटं.

ते साठ क्रम एकतर आधी वाजून गेलेले होते किंवा पुढे वाजणारच होते. जे वाजायला हवे होते ते वाजलेच नाहीत.

मी तेव्हा तुझ्याकडे बघितलं. तुझी नजर डेस्मंडच्या डोक्यावरून भिंतीकडे होती. मी बोलले नाही. पुकारा करणाऱ्याशिवाय कोणी बोलायचं नाही, हा नियम आहे. पण आत्या, नियमामुळे बोलले नाही की इथवर आलेलं मोडेल या भीतीने, ते मला सांगता येत नाही. मग तो शेवटचा क्रम आला. लोर्नाने मिठी मारली. तू चष्मा काढून पुसलास. मी केक हातात धरून उभी होते, आणि गाडीची वेळ झाली नव्हती तरी पळाले.

गाडीत, हातात राहिलेल्या केकच्या रिकाम्या कागदी पिशवीवर सगळं मांडलं. तीन वेळा. पिशवी सोबत पाठवते. मी चुकले असेन तर मला त्याच्याइतका आनंद कशाचा होणार नाही. पेन्सिल घे आणि बघ.

गंमत बघ. गेल्या साली मी हे ऐकलंच नसतं. फोन खिशात असता तर आज पाटी झाली असती, आणि मीही पुडिंग खाल्लं असतं. सहा महिने मी लक्ष द्यायला शिकले ते यासाठी, असं रविवारी मनात आलं आणि फार वेळ हसता आलं नाही.

तुझा खांदा, तुझं वय, तीन नोव्हेंबर, सगळं मला माहीत आहे. क्लिफर्डचं नाव माहीत आहे. पण त्या खोलीत मी एकदा खोटं बोलले आणि तुम्ही सगळे ते घेऊन अडतीस पायऱ्या उतरलात. दुसऱ्यांदा माझ्याने होत नाही.

हे पत्र वाचून लोभ उरला नाही तर समजून घेईन. माझा मात्र आहे तिथेच आहे.

तुझी,
पिप

◆

वेलबी मार्श,
२० ऑक्टोबर

चि. पिप हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहिते आहे.

पिशवी मिळाली. तिला लोण्याचा डाग होता. मी टेबलाशी बसून सगळं पहिल्यापासून मांडलं. चाळीस मिनिटं लागली. तुझं बरोबर आहे.

मग आणखी थोडा वेळ बसले. खांद्याचं निमित्त सांगता आलं असतं. खांदा दुखत होता, पण कान दुखत नव्हते. त्या वेळी मी भिंतीवरची पाटी वाचत होते. जी अजून झालेली नाही ती. क्लिफर्डचं नाव वर घ्यायचं की खाली, मोठ्या अक्षरात की सारख्या, हे ठरवत होते. तुला मे महिन्यात मोठ्या दिमाखात लिहिलं होतं की पाहुण्याला खुर्ची देऊ नये. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि वर रात्रीचं जेवायला थांब म्हटलं. माझ्या खिशात फोन नव्हता. तरी मी तिथे नव्हते.

साप्ताहिकाला रीतीप्रमाणे माझ्या सहीने कळवलं. कळवलेला फेरा मागे घेत आहे, तो पुरा झाला नव्हता, चूक पुकारा करणारीची. तीन ओळी. टपालात टाकायला लोर्नाच्याच हातात दिलं. तिने पत्ता वाचला, माझ्याकडे बघितलं, पिशवीत टाकलं.

मोइरा-बर्नार्डकडे गेले. दोघांना एकदम सांगितलं. बर्नार्ड म्हणाला, ही माझ्या जागेत घुसली. मोइरा म्हणाली, अडतीस वर्षांत या माणसाने मला एकदा वाट दिली, आणि तीही चुकीच्या ठिकाणी. मग जे सुरू झालं ते मी निघाले तरी चालू होतं. पण बोलत होती. कुंपणाचं झुडूपही त्यात आलं.

डेस्मंडला सांगायला सर्वांत जड गेलं. तो कुत्र्याला घेऊन उभा होता. त्याने कुत्र्याला खाली बसवलं. मग म्हणाला, पिपला कळलं? सहा दोरांत? दुसऱ्या दोरावरून? मी म्हटलं, हो. म्हणाला, मग परत कधी वाजवायचं?

सुताराला म्हटलं, फळी राहू दे. तो म्हणाला, राहू द्यायला हरकत नाही, ओक मुरला की बराच.

आता तुझं. तू विचारलंस की लक्ष द्यायला शिकलीस ते यासाठी का. हो, यासाठीच. पाटीसाठी नव्हे. चाळीस वर्षं त्या खोलीत मला सहाही दोर दिसत असत आणि ते दुसऱ्या कोणाला दिसतात असं कधी वाटलं नाही. शनिवारी ते तुला दिसले, मला नाही. तुझ्या हातात केक होता, समोर पाच आनंदी माणसं होती, आणि गप्प राहिल्याचं कोणालाही कधी कळलं नसतं, तरी तू मला लिहिलंस. क्लिफर्ड म्हणाला होता, तिची ती सांगेल. तो एका गोष्टीबद्दल बोलत होता. मला वाटतं, दोन्हींना लागू पडतं. मी तुझी आत्या आहे हे या आठवड्यात मी तीन माणसांना, त्यांनी न विचारताच, सांगितलं.

तीन नोव्हेंबरनंतर पाचव्या दोरासाठी माणूस मी शोधीन. जानेवारीपासून मी खिडकीजवळच्या बाकावर बसेन, जिथे क्लिफर्ड दम खायला बसायचा. दोर मला नाही. पुढचा पुकारा तुझा.

त्याचं सगळं शिकवीन. पण पहिला धडा घंटांचा नाही. मध्येच सगळं बरं चाललेलं असताना, शेवट दिसत असताना, तोंड उघडून थांबा म्हणायचं. तो सर्वांत अवघड शब्द आहे. शनिवारी तो मला सुचला नाही आणि तुझ्या तोंडून निघाला नाही.

तेव्हा तो आपण दोघी शिकू.

पुडिंग तसंही दोन केली आहेत. दोन्ही तुझीच, लोभासकट.

तुझी आत्या,
ऑड्री